तासांची नोंद ठेवायचं साधन बनवतोय, ग्राहकाला त्यात नेमकं काय दिसावं?

लातूर_वेबवाला

नमस्कार मंडळी. मी लातूरला घरूनच वेबसाइटची कामं करतो, चार वर्षं झाली. निम्मी कामं गुत्त्यानं घेतो, म्हणजे एवढं काम, एवढे पैसे. उरलेली तासावर. इथं तासावरच्या कामाबद्दल विचारायचंय.

मार्चमध्ये एका ग्राहकाला ४१ तासांचं बिल पाठवलं. त्यांनी विचारलं, "पेमेंटचं पान जोडायला ११ तास कसे लागले?" माझ्याकडे टायमरची नोंद होती: तारीख, सुरुवात, शेवट, बेरीज. तीच पाठवून दिली. उत्तर आलं, "वेळ दिसतोय, काम दिसत नाही." शेवटी त्या पानाचे ७ तासांचे पैसे मिळाले. पैसे गेल्याचं वाईट वाटलंच, पण जिवाला लागलं ते वेगळं. त्या ११ तासांतले जवळजवळ ५ तास त्यांच्याच जुन्या सर्व्हरवरची अडचण शोधण्यात गेले होते, आणि हे मी कुठंही लिहून ठेवलं नव्हतं. माणूस खोटं बोलत नव्हता, मीही नव्हतो.

तेव्हापासून माझ्यासाठी आणि इथल्या तीन मित्रांसाठी एक छोटं साधन लिहायला घेतलंय. टॉगल आणि क्लॉकिफाय ही तास मोजायची तयार साधनं, दोन्ही वापरून पाहिली, चांगली आहेत. पण आमचे ग्राहक म्हणजे कापड दुकान, कोचिंग क्लास, डाळ मिल. ते लॉगिन करून रिपोर्ट उघडत नाहीत. व्हॉट्सअ‍ॅपवर जे येईल तेवढंच बघतात.

आता कुठं अडलोय ते सांगतो. माझा डेस्कटॉप आहे, इन्व्हर्टर पंखा-दिव्यापुरता. लाईट गेली की चालू टायमर मरतो आणि दीड तासाची नोंद जाते. उलटंही होतं: नळाला पाणी आलं की मी धावतो, टायमर तसाच चालू राहतो आणि पाऊण तास फुकट चढतो. दुसरं म्हणजे ग्राहकाला टायमर चालू असताना दिसावा का? आणि एक मित्र म्हणतोय, अपवर्कवर (परदेशी ग्राहकांची कामं मिळतात ती साइट) स्क्रीनशॉट घेतात तर आपणही घेऊ, म्हणजे वादच राहणार नाही. मला ते पटत नाही, पण का पटत नाही हे त्याला नीट सांगता येत नाहीये.

नांदेड_बॅकएंड

भाऊ, आधी लाईटचं बोलतो, कारण ते पक्कं झाल्याशिवाय बाकी सगळं हवेत.

तुम्ही दर सेकंदाला एक वाढवत जाणारा आकडा ठेवला असेल तर तो आजच काढा. ब्राउझर मागच्या टॅबमधले टायमर मुद्दाम हळू करतो. जानेवारी २०२१ मध्ये आलेल्या क्रोम ८८ पासून टॅब पाच मिनिटं झाकलेला राहिला की त्यातले टायमर मिनिटाला एकदाच चालतात. तुमचा आकडा लाईट न जाताही चुकत असणार. सुरू केल्याची वेळ तेवढी लिहून ठेवा, बाकी वजाबाकी.

आणि दर मिनिटाला त्याच मशीनवर, नेटची वाट न बघता, "अजून चालू आहे" अशी एक खूण लिहा. लाईट येऊन मशीन सुरू झालं की साधनानं विचारायचं: "शेवटची खूण १०:४२ ची आहे, आता ११:३५ झालेत. मधली ५३ मिनिटं काम केलं का?" केलं, नाही केलं, किंवा इतकं केलं. साधनानं स्वतःहून काहीही ठरवू नये. तुमचा नळही यातच बसतो. बराच वेळ कळफलक-माउस हलला नाही तर परत आल्यावर हाच प्रश्न विचारायचा. पण ही माहिती ग्राहकाकडे जाता कामा नये, ती फक्त तुम्हाला आठवण म्हणून.

वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत साठवा (आपण तिच्या साडेपाच तास पुढे), सोबत ठिकाणाचं नाव ठेवा, साडेपाच तासांचा फरक आकड्यात लिहून ठेवू नका. उद्या न्यूयॉर्कचा ग्राहक आला तर उन्हाळ्यात फरक साडेनऊ तासांचा, हिवाळ्यात साडेदहाचा. तुमचं सोमवारी सकाळी ८ चं काम उन्हाळ्यात त्याच्या रविवारी रात्री साडेदहाला पडतं, म्हणजे त्याच्या मागच्या आठवड्यात. अपवर्कचा आठवडाही यूटीसीप्रमाणे संपतो, आपल्या सोमवारी पहाटे साडेपाचला. आठवडा कोणाच्या घड्याळाचा, हे प्रत्येक ग्राहकामागे एकदा ठरवून घ्या.

वेळ वर नेण्याबद्दलही सांगतो, कारण मी स्वतः त्यात ग्राहक गमावला. चार-चार मिनिटांचे ७ फोन झाले तर खरा वेळ २८ मिनिटं. प्रत्येक फोन पंधराच्या पटीत वर नेला की १०५ मिनिटं, पावणेदोन तास. मी वर्षभर तसंच करत होतो आणि मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. ग्राहकानं एके दिवशी स्वतःच्या मोबाइलवरचे कॉल मोजले. तेव्हापासून मी नोंद मिनिटात ठेवतो आणि फक्त बिलाची एकूण बेरीज सर्वांत जवळच्या पाव तासाला आणतो, तीही आधी सांगून.

अंबाजोगाई_अनुवाद

दादा, तुमच्या मित्राला स्क्रीनशॉटचं काय सांगायचं ते मी सांगते. मी भाषांतर करते आणि दोन वर्षं अशाच पद्धतीत काम केलं आहे.

अपवर्कच्या वर्क डायरीत वेळेचे दहा-दहा मिनिटांचे तुकडे पडतात. प्रत्येक तुकड्यात केव्हातरी एक चित्र घेतलं जातं आणि कळा किती दाबल्या, माउस किती हलला हेही मोजलं जातं. नको ते चित्र आलं तर काढता येतं, पण त्याबरोबर ती दहा मिनिटंही जातात. अनोळखी परदेशी ग्राहक आणि आपण, मध्ये कुणी ओळखीचं नाही, अशा ठिकाणी ते लोक मान्य करतात, कारण तशा नोंदीवर तासाच्या पैशांना संरक्षण मिळतं. हाताने भरलेल्या वेळेला ते मिळत नाही.

पण माझं काम कळा दाबण्यात होत नाही. दवाखान्याच्या संमतीपत्राचं भाषांतर करताना एका वाक्यापाशी मी वीस मिनिटं थांबले होते. गावाकडची बाई ते वाचून सही करणार, तिला "धोका" कळेल की "जोखीम", हे मी ठरवत होते. शब्दकोश मांडीवर, हात कळफलकावर नाहीत. मोजणीत ती वीस मिनिटं रिकामी. त्या दिवसाचं माझं सगळ्यात चांगलं काम तेच होतं. पुढं मी काय करू लागले माहीत आहे? विचार करताना उगाच माउस हलवायला लागले. ही सवय मला कुणी लावली याचा विचार केला आणि ते काम सोडलं.

शिवाय पडद्यावर एका वेळी एकाच ग्राहकाचं थोडंच असतं. बँकेचा ओटीपी येतो, दुसऱ्याचा करारनामा उघडा असतो. त्या दुसऱ्यानं कुठं परवानगी दिली?

चालू टायमर दाखवूच नका. मी एकदा दाखवला होता. सकाळी सव्वानऊला फोन: "ताई, अजून सुरू नाही केलं का?"

जालना_बियाणे

मी ग्राहकाच्या बाजूनं लिहिते. आमचा बियाण्यांचा व्यवसाय आहे, आणि पाकिटं, लेबल, माहितीपत्रकं यांची कामं आम्ही बाहेरच्या मुलामुलींना तासावर देतो. खरिपाच्या आधी एप्रिल-मेमध्ये सगळं एकदम येतं. उगवणशक्तीचा आकडा, लॉट नंबर, चाचणीची तारीख, एक जरी चुकलं तर छापलेली पाकिटं वाया.

इथं सगळे समजताहेत की आम्हाला नजर ठेवायची असते. माझ्यापुरतं सांगते, मला वेळच नसतो तेवढा. मला भीती वाटते ती महिन्याच्या शेवटी एकदम येणाऱ्या आकड्याची. २० तास धरले होते, बिल आलं ३४ चं. मुलगा प्रामाणिक होता, पण १५ तास झाले तेव्हाच त्यानं सांगितलं असतं तर मी माहितीपत्रक पुढच्या महिन्यावर ढकललं असतं आणि लेबलं आधी उरकून घेतली असती. माझ्या हातात निर्णय होता, तो घ्यायची वेळ निघून गेल्यावर मला कळलं.

म्हणून आठवड्याला एक पान पाठवा. सर्वांत वर मोठ्या अक्षरात: ठरलेल्या २० पैकी १६ तास झाले, अमुक काम बाकी. खाली कामवार नोंदी, प्रत्येकीला एक ओळ आणि तीही माझ्या भाषेत. "सीएसएस दुरुस्ती" लिहिलं तर मला काय कळणार? "लेबलवरचा लॉट नंबर छपाईत कापला जात होता, तो आत घेतला" असं लिहा. त्यातच माझ्यामुळे वाढलेला वेळही लिहा. आमच्याकडून आकडे तीनदा बदलून आले असतील तर तसं स्पष्ट लिहा, मला राग येणार नाही. पान लॉगिनशिवाय उघडावं आणि खाली दोनच बटणं असावीत, "मान्य" आणि "यावर बोलायचं आहे".

एक पैशाचं. तुम्ही चौघांनी उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंदणी, करून घ्या. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्यानं लहान उद्योगाचे पैसे, लेखी करार काहीही म्हणो, ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात. आणि सेवा पोचल्यापासून १५ दिवसांत ग्राहकानं लेखी हरकत घेतली नाही, तर पोचल्याचा दिवस हाच स्वीकारल्याचा दिवस धरतात. म्हणून पान कोणत्या तारखेला गेलं हे तुमच्या साधनात पक्कं राहायला हवं. मी पैसे देणारी बाजू असून हे सांगते आहे, कारण आमचेही पैसे विक्रेत्यांकडे अडकतात आणि ते दिवस कसे जातात ते मला माहीत आहे.

लातूर_वेबवाला

ताई, "माझ्यामुळे वाढलेला वेळही लिहा" हे ग्राहकाकडून ऐकायला मिळेल असं वाटलं नव्हतं. मी ते लिहायला नेहमी कचरतो. एक विचारू? मान्य झालेल्या पानात नंतर चूक सापडली तर दुरुस्त करू द्यावी का?

मोजमाप_बीड

मुलगी तुमच्यासारखंच काम करते, तिनं हे दाखवलं म्हणून लिहितो. मी रोजगार हमीच्या कामांवर मोजमापं घेत असे. ७२ च्या दुष्काळात ही कामं उभी राहिली, कायदा १९७७ चा, मी नंतर लागलो. नालाबांध, पाझर तलाव, रस्ते, सगळं.

तुझ्या दुरुस्तीचं आधी. आमच्या मापपुस्तिकेत खाडाखोड चालत नव्हती. चुकलेल्या आकड्यावर एक आडवी रेघ, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, बाजूला बरोबर आकडा आणि सही. तू तसंच कर. जुनं पुसू नको, नवी ओळ घाल आणि कारण लिही.

आता तुझे ११ तास. पोरा, आमच्याकडे दोन वेगळी पुस्तकं होती. मस्टरवर कोण आलं ते, मापपुस्तिकेत किती घनमीटर खोदलं ते. नुसत्या मस्टरवर मजुरी काढली तर काम दिसत नाही, आणि नुसत्या मापावर काढली तर गरिबावर अन्याय होतो. कारण एका टोळीला मऊ माती लागते, शेजारच्या टोळीला हातभर खाली कठीण मुरूम. दोघींनी दिवसभर सारखाच घाम गाळलेला, खड्डा मात्र निम्मा. म्हणून मापाच्या ओळीत जमिनीचा प्रकार लिहायचा: माती, मऊ मुरूम, कठीण मुरूम, खडक. प्रत्येकाचा दर वेगळा. नवा माणूस हे लिहायला विसरला की शनिवारी बायका त्याच्यापुढं उभ्या राहायच्या, आणि त्यांचं बरोबर असायचं.

तुला त्या सर्व्हरमध्ये खडक लागला होता. तू तास लिहिले, खडक लिहिला नाहीस.

अजून एक आहे. खोदकाम सुरू करताना मधेमधे मूळ जमिनीचा एकेक उंचवटा तसाच सोडायचा. सगळं खोदून झाल्यावर तो उभा दिसतो आणि जमीन आधी कुठवर होती ते कुणालाही कळतं. मोजून झालं की मगच तो काढायचा. तो नसेल तर मजूर एक सांगणार, आम्ही दुसरं. त्या तुमच्या स्क्रीनशॉटचं मला फार कळत नाही. पण फोटो घ्यायचाच असेल तर माणसाचा कशाला, जमिनीचा घे, कुदळ मारायच्या आधी.

अंबाजोगाई_अनुवाद

काका, हे वाचून मी माझ्या नोंदीत आजच एक रकाना वाढवला. मूळ मजकूर जसा आला तसा जपून ठेवणार. अर्धवट स्कॅन, पुसट अक्षरं, सगळ्यासकट.

लातूर_वेबवाला

काका, तुमचं उत्तर आल्यावर मी मार्चचं काम पुन्हा उघडलं. त्यांच्या सर्व्हरवर आलेल्या चुकीच्या संदेशाचा फोटो पहिल्याच दिवशी माझ्या मोबाइलमध्ये होता. मित्राला विचारायला काढला होता. ग्राहकाला कधी पाठवलाच नाही.

गेल्या दहा दिवसांत एवढं केलंय. नवीन काम उघडलं की टायमरच्या आधी "आधीची स्थिती" मागतो, फोटो किंवा दोन ओळी. नोंद थांबवली की "खडक लागला का?" असा एक रकाना येतो, रिकामा सोडला तरी चालतो. त्यात लिहिलेलं ग्राहकाच्या पानावर त्याच ओळीखाली दिसतं. हाताने भरलेल्या वेळेपुढे तशी खूण असते. चालू टायमर ग्राहकाला दिसत नाही. स्क्रीनशॉटचा भाग काढून टाकला, आणि मित्राला अंबाजोगाईच्या ताईंचं संमतीपत्राचं उदाहरण वाचायला दिलं. तो पुढं काही बोलला नाही, पण काल त्यानंच तो कोड पुसला.

जालन्याच्या ताई, ठरलेल्या तासांपैकी तीन चतुर्थांश झाले की त्याच दिवशी ग्राहकाला निरोप जातो, आठवड्याची वाट बघत नाही. पान पाठवल्याची तारीख आता मलाही बदलता येत नाही.

मार्चच्या ग्राहकाला तो फोटो आणि ५ तासांचा हिशोब पाठवलाय. पैसे मागितले नाहीत, नुसतं पाठवलं. अजून उत्तर नाही.

नांदेडकर, मेन स्विच तीनदा पाडून पाहिला. दोनदा नोंद शाबूत राहिली. तिसऱ्यांदा खूण लिहिली जात असतानाच लाईट गेली आणि शेवटची ओळ अर्धवट राहिली, त्यामुळे पूर्ण फाइलच उघडेना. आधी वेगळ्या फाइलीत लिहून मग नाव बदलावं का? तुम्ही कसं करता?

नांदेड_बॅकएंड

हो, तसंच. दुसऱ्या फाइलीत पूर्ण लिहा, डिस्कवर पोचल्याची खात्री करा, मगच नाव बदला. किंवा सरळ एसक्यूलाइट हा एका फाइलीत राहणारा छोटा डेटाबेस घ्या, त्यात हे सांभाळलेलं असतं. आणि स्विच तीनदा पाडून भागणार नाही, शंभरदा पाडल्यासारखं करणारी चाचणी लिहा. माझ्याकडे एक आहे, रात्री पाठवतो.