‘दुय्यम डोकेदुखी’ म्हणजे हलकी डोकेदुखी का?

आरोग्यसेविका, लातूर जिल्हा
नमस्कार. गावात वाटायला डोकेदुखीचं माहितीपत्रक करायलो आहोत. मजकुरात ‘प्राथमिक’ आणि ‘दुय्यम’ असे दोन प्रकार आलेत. परवा महिलांच्या बैठकीत वाचून दाखवलं, तर एक बाई म्हणाली, “प्राथमिक म्हंजे आत्ताच सुरू झालेलं, अन् दुय्यम म्हंजे हलकं.” बाकीच्यांनी माना डोलावल्या. अर्थ पार उलटा पोचला. दुय्यम म्हणजे दुसऱ्या आजारामुळं आलेली डोकेदुखी, आणि जीवावर बेतणारी कारणं तर तिच्यातच. मला हा शब्द बदलायचाच आहे. काय लिहू?

निवृत्त मराठी शिक्षक, परभणी
ताई, त्या बाईंनी शब्द बरोबरच ऐकला. ‘दुय्यम’ हा फारसी ‘दोयम’वरून आला, अर्थ ‘दुसरा’. आपल्या भागात तो निजामाच्या कारभारात मुरला. जिल्ह्याचा मुख्य तो अव्वल तालुकेदार, त्याच्या हाताखालचा दुय्यम तालुकेदार. आजही खरेदीखताला आपण दुय्यम निबंधकाकडंच जातो. पिढ्यान्‌पिढ्या हा शब्द हुद्द्यानं खालचा, म्हणून कमी महत्त्वाचा, असाच कानावर पडला. ‘प्राथमिक’ही तसाच: प्राथमिक शाळा, प्राथमिक उपचार. सुरुवातीचं आणि सोपं.

वैद्यकातला ‘दुसरा’ मात्र क्रमाचा आहे. आधी आजार, मग त्याच्यामागं डोकेदुखी. पहिला प्रकार, म्हणजे दुसरा आजार नसताना आपणहून उठलेली डोकेदुखी; तिला मला ‘स्वयंभू’ सुचतो. औंढ्याचं लिंग स्वयंभू म्हटलं की ते कुणी घडवलेलं नाही, हे वेगळं सांगावं लागत नाही.

वैद्य, बीड
अष्टांगहृदयात रोगांचे स्वतंत्र आणि परतंत्र असे दोन भाग केलेत. अर्थ अगदी हाच. पण ‘परतंत्र’ म्हटलं की आज लोकांना गुलामीतला देश आठवतो, म्हणून पत्रकात नको.

फिजिशियन, नांदेड
सर, ‘स्वयंभू’ सुंदर आहे, पण एक भीती वाटते. ‘कारणच नाही, म्हणजे मनाचे खेळ’ असं घरचे म्हणतील. अर्धशिशीच्या बाईला तसंही कामचुकार ठरवतात, ते मी रोज बघतो. अर्धशिशी हा मेंदूचा खरा आजार आहे, बऱ्याचदा आईकडून लेकीकडं आलेला.

आणि ताई, पत्रकात लोकांची क्रियापदं जरूर ठेवा. अर्धशिशीत एमआरआय बहुधा साफ येतो. निदान होतं ते पेशंटच्या बोलण्यातून, म्हणून शब्द हीच आमची तपासणी. “ठणकायलंय, जिना चढलं की वाढायलंय, उजेड सोसवत नाही, मळमळायलंय” म्हटलं की मी अर्धशिशीकडं वळतो. उपचार नसला तर तो झटका 4 ते 72 तास राहतो. “फडकं आवळून बांधल्यागत, दोन्हीकडून” हा ताणाचा प्रकार. त्यात माणूस कुरकुरत का होईना काम करतो, अर्धशिशीवाला अंधारात पडून राहतो. तिसरा प्रकार विरळ: एकाच डोळ्यामागं भोसकल्यागत, त्याच डोळ्यातून पाणी, 15 मिनिटं ते 3 तास. हा पेशंट पडून राहूच शकत नाही, येरझाऱ्या घालतो. तिन्ही ‘स्वयंभू’तलेच.

आरोग्यसेविका
डॉक्टर, आमच्याकडं ‘अर्धशिशी’ म्हटलं की अर्धंच डोकं दुखायला पाहिजे असं समजतात. दोन्हीकडून दुखलं की म्हणतात, ही अर्धशिशी नव्हे.

निवृत्त मराठी शिक्षक
नावच तसं आहे. ‘शिशी’चा बाटलीशी संबंध नाही, ती ‘शीर्ष’मधून झिजत आली. गंमत म्हणजे ‘मायग्रेन’ही ग्रीक ‘हेमिक्रानिया’चं झिजलेलं रूप, अर्थ अर्धी कवटी.

फिजिशियन, नांदेड
आणि दोन्ही नावं तितकीच फसवी. एका बाजूनं दुखणं हे चार खुणांपैकी एक. ठणका, मध्यम ते तीव्र दुखणं आणि हालचालीनं वाढणं या उरलेल्या तीन. चारातल्या दोन जमल्या, जोडीला मळमळ किंवा उजेड-आवाज दोन्ही नकोसे झाले, आणि असे निदान पाच झटके येऊन गेले, तर डोकं दोन्हीकडून दुखलं तरी अर्धशिशीच.

‘सायनस’चंही तसंच. तो हाडातल्या पोकळीचा शब्द, आजाराचा नव्हे. “मला सायनस आहे” म्हणून वर्षानुवर्षं वाफ घेणाऱ्या कितीतरी जणांना मुळात अर्धशिशी असते.

आरोग्यसेविका
मग दुसऱ्या प्रकाराला ‘दुसऱ्या आजारानं आलेली डोकेदुखी’ असं सरळ लिहिते. लांब आहे, पण कुणी हलकं समजणार नाही. किराणा दुकानातून रोज गोळी आणून खाणाऱ्यांचं काय?

फिजिशियन, नांदेड
तेही याच रकान्यात. साधी वेदनाशामक गोळी महिन्यात 15 दिवस किंवा जास्त, अशी तीन महिन्यांवर चालली की गोळीच डोकं दुखवायला लागते. एकाहून जास्त औषधं असलेल्या मिश्र गोळ्यांना 10 दिवस पुरतात. ‘गोळीची डोकेदुखी’ लिहा, लगेच कळेल.

धोक्याचं ठळक छापा: मिनिटाच्या आत शिगेला पोचलेलं, “डोक्यात घण बसल्यागत” दुखणं, ताप आणि ताठलेली मान, हातापायातली शक्ती जाणं, बोबडी वळणं, आकडी येणं, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच उठलेलं नवं दुखणं. यात वाट बघायची नाही.

आरोग्यसेविका
एक शब्द राहिला, माझ्या मनातला. बाळंतिणीचं डोकं दुखलं की आमच्याकडं “वारं लागलं” म्हणतात. कानाला फडकं बांधतात, पाणीही बेतानंच देतात. तो शब्द खोडू का?

फिजिशियन, नांदेड
खोडू नका. तुम्ही खोडलात तरी सासू तोच वापरणार. पण पाणी तोडणं घातकच. बाळंतपणात रक्त तसंही लवकर गोठतं, त्यात पाणी कमी पडलं की मेंदूच्या शिरेत गुठळी होण्याचा धोका वाढतो. बीपीही बाळंतपणानंतर सहा आठवड्यांपर्यंत चढू शकतो.

आरोग्यसेविका
मग असं लिहिते: “बाळंतिणीला वारं लागलं असं वाटलं, तर फडकं बांधा, भरपूर पाणी द्या, आणि त्याच दिवशी बीपी मोजून डॉक्टरला दाखवा. नजर अंधुक झाली किंवा आकडी आली, तर लगेच 108 ला फोन करा.”

निवृत्त मराठी शिक्षक
‘त्याच दिवशी’ ठळक करा, ताई.