'हातचं न राखता' : उदार आणि एकचित्त भक्तीसाठी शब्द

प्रश्न : रविवारच्या उपासनेसाठी एका इंग्रजी मननाचा अनुवाद करते आहे. त्यात 'जनरस' आणि 'होलहार्टेड' सतत जोडीने येतात. मी 'उदार व समर्पित भक्ती' असं लिहिलंय, पण वाचताना ते कुणाच्याच तोंडचं वाटत नाही. दुसरं काही सुचवाल का?

उत्तर : ताई, बायबलमधल्या नव्या कराराच्या ग्रीकमध्ये या दोन्ही अर्थांना एकच शब्द आहे, 'हाप्लोतीस'. 'हाप्लूस' म्हणजे एकपदरी, घडी नसलेलं. त्यावरून मनाचा सरळपणा, आणि त्यावरूनच औदार्य. इफिसकरांस 6:5 मध्ये प्रेषित पौल आपल्या पत्रात तो सरळ मनाने केलेल्या चाकरीसाठी वापरतो, तर 2 करिंथ 8:2 मध्ये मासेदोनियाच्या मंडळ्यांच्या देणगीसाठी. स्वतः दारिद्र्यात असून त्यांनी यरुशलेमेतल्या गरिबांसाठी मदत दिली होती. मराठीत या दोन ठिकाणी वेगवेगळे शब्द येतात आणि मधला धागा तुटतो.

मत्तय 6:22 सुद्धा पाहा. 'तुझा डोळा निर्दोष असला तर' यातल्या 'निर्दोष'च्या जागी मूळात 'हाप्लूस'च आहे. त्याआधी स्वर्गातल्या संपत्तीविषयी सांगितलंय, नंतर देव आणि धन यांची एकत्र चाकरी करता येत नाही हे. हिब्रूत उदार माणसाला 'चांगल्या डोळ्याचा' म्हणतात (नीतिसूत्रे 22:9). म्हणजे हे वचन पैशाकडे बघण्याबद्दलही आहे. 'निर्दोष' वाचून ते लक्षात येत नाही, याची मला दर वेळी हळहळ वाटते.

'समर्पित' मात्र टाळा. कॅथलिक वाचकाला 'समर्पित जीवन' म्हटलं की व्रतस्थ सिस्टर आणि फादर आठवतात. 'अर्पण' म्हटलं की आपल्याकडे उपासनेत दानाची थैली फिरते. घर-शेत सांभाळून देवाची होणारी बाई या दोन्ही शब्दांत बसत नाही.

माझी पसंती 'हातचं न राखता'ला. मंदिराच्या दानकोशात विधवेने 'दोन टोल्या म्हणजे एक दमडी' टाकली (मार्क 12:42). नाणी दोन होती, एक ठेवता आलं असतं. तिने ठेवलं नाही. याउलट प्रेषितांची कृत्ये, अध्याय 5 मधले हनन्या आणि सप्पीरा. जमीन विकून आलेल्या पैशातला काही भाग त्यांनी मागे ठेवला आणि सगळे दिल्याचा आव आणला. त्यांना जाब विचारणाऱ्या प्रेषित पेत्राचं बोलणं नीट वाचा : जमीन तुझीच होती, विकल्यावर पैसेही तुझ्याच हातात होते. द्यायची सक्ती नव्हतीच, दोष खोट्याचा. मनाला घडी पडली ती तिथे.

प्रश्न : मग 'सढळ हाताने' का नको? तो तर रोजचा शब्द आहे.

उत्तर : देण्यापुरता चांगला आहे, जरूर वापरा. पण सढळ असतो तो हात. मासेदोनियाच्या लोकांबद्दल पौल म्हणतो की त्यांनी आधी स्वतःला प्रभूला दिलं (2 करिंथ 8:5), पैसे त्यानंतर. तेवढं 'सढळ'मध्ये मावत नाही. त्यासाठी मराठीत 'वाहून घेणे' आहे. पंडिता रमाबाईंबद्दल आपण तेच म्हणतो. केडगावचं मुक्तिसदन हे निराधार बायकांचं आश्रयस्थान चालवताना त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, साध्या बायकांना कळेल अशा मराठीत सबंध बायबल उतरवत राहिल्या आणि 1922 मध्ये वारल्या. त्यांच्या बाबतीत 'समर्पण' लिहिलं की सत्कार समारंभाचा वास येतो. 'वाहून घेतलं' म्हटलं की कष्ट दिसतात.

तुमचं वाक्य मी असं करेन : 'देवाला हातचं न राखता वाहून घेतलेलं, मोकळ्या मनाचं जगणं.' लांब झालं तर 'मोकळ्या मनाचं' गाळा, 'हातचं न राखता' ठेवा.