नाशिकच्या थंडीत सायकल घरात कशाला?

गोदाकाठचा:
डिसेंबर लागला की आपल्या ग्रुपवर दोन प्रकारचे स्क्रीनशॉट पडायला लागतात. एक गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरचे, दुसरे वाटोपियाचे. वाटोपिया म्हणजे झ्विफ्ट या अ‍ॅपमधलं काल्पनिक बेट. यंदा दुसऱ्या प्रकारचे जास्त दिसतात आणि ते मला पटत नाही, म्हणून हा धागा.

ज्यांना हे प्रकरण नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात: मागचं चाक काढून सायकल स्मार्ट ट्रेनर नावाच्या स्टँडवर चढवायची आणि ट्रेनर अ‍ॅपला जोडायचा. पडद्यावर चढ आला की पेडल जड होतं, उतार आला की हलकं.

थंडीत घरात सायकल चालवायची रीत जिथून आली तिथे रस्त्यावर बर्फ साचतो आणि दुपारी चारलाच अंधारून येतं. आपल्याकडे पारा पाच-सहावर उतरला, तरी नऊ वाजता ऊन अंगावर घेत बसावंसं वाटतं. हातमोजे, कानटोपी, विंडचीटर, विषय संपला. आपला खरा अडचणीचा काळ म्हणजे जुलैत त्र्यंबक रोडला धो धो पाऊस असतो तो आणि एप्रिल-मे. तेव्हा खुशाल ट्रेनर लावा. पण सकाळी अकरालाही मजेत सायकल चालवता येईल असे वर्षातले मोजके महिने भिंतीकडे तोंड करून घालवायचे?

अंबडची फर्स्ट शिफ्ट:
सकाळी अकराला सायकल चालवणारे धागाकर्ते नोकरी कुठे करतात ते कळवा, अर्ज टाकतो.

आमची शिफ्ट सातला. जानेवारीत नाशिकला सूर्यच सातनंतर उगवतो. म्हणजे सकाळी जमणारच नाही आणि संध्याकाळी जावं तर अंधार. त्यात हा ऊसतोडीचा हंगाम. दिंडोरी रोडला दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, मागे ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर. तुमचा पाच-सहा अंशांचा पारा मला चालतो हो, ती ट्रॉली नाही चालत.

शिवाय ट्रेनरवर काम नेमकं होतं. वीस मिनिटं जीव तोडून चालवायचं, सरासरी वॅटच्या (पेडलवरच्या ताकदीच्या) ९५ टक्के म्हणजे ढोबळमानाने तुमचा एफटीपी, म्हणजे तासभर टिकवता येईल अशी कमाल ताकद. त्यावर आठवड्याचे इंटरव्हल, म्हणजे थोडा वेळ जोरात, थोडा वेळ हळू असे तुकडे बसवायचे. गंगापूर रोडला इंटरव्हल करून दाखवा. दर चौकात सिग्नल, मध्ये कुत्री.

जुना ब्रेव्हेवाला:
धागाकर्त्यांशी सहमत. नाशिकच्या डॉ. महाजन बंधूंनी २०१५ मध्ये दोघांच्या टीमने रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका पूर्ण केली, पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत. त्यानंतर या शहरात कितीतरी लोकांनी सायकली घेतल्या. स्कोअर वाढवायला नव्हे, लांब जायला. ब्रेव्हे म्हणजे ठरलेल्या वेळेत लांब अंतर पूर्ण करायची राइड, २०० किमीच्या ब्रेव्हेला साडेतेरा तास मिळतात. त्यात वॅटपेक्षा काय लागतं? बसायची सवय, चालवता चालवता खाणं, टॉर्चच्या उजेडात ट्यूब बदलणं, कसारा घाटात उतरताना ब्रेक कधी सोडायचा ते. ट्रेनरवर यातलं एकही येत नाही. वळणच घ्यावं लागत नाही तिथे!

पेठरोडची:
ब्रेव्हेवाले काका, तुमचं सगळं खरं आहे. पण पहाटे साडेपाचला सावळ घाटाकडे एकटीने निघायचं म्हटलं की घरातले किती प्रश्न विचारतात, याचा अनुभव इथल्या पुरुष मंडळींना नसावा. मला सोबत शोधावी लागते. सोबत मिळाली तर तिच्या मुलाला ताप आलेला असतो. ट्रेनरवर मात्र डबा करून झाला की पाऊण तास माझा.

आणि तिथे एकटं वाटतं असंही नाही. झ्विफ्टवर आल्प द झ्विफ्ट नावाचा चढ आहे, फ्रान्सच्या आल्प द्युएजवर बेतलेला, तेवढीच २१ वळणं. कुठल्याही वेळी गेलं तरी कुणी ना कुणी तिथे धापा टाकत असतंच. झ्विफ्टचे महिन्याला वीस डॉलर जड वाटत असतील तर मायवूश हे तसंच अ‍ॅप फुकट आहे. ट्रेनरचा खर्च मात्र टळत नाही, चांगला घ्यायचा तर त्या पैशात दुसरी सायकल येते.

सिडको, तिसरा मजला:
खालच्या मजल्यावरचे दोनदा वर येऊन गेले. आवाज ट्रेनरचा कमी, फरशीतून जाणारी थरथर जास्त. खाली जाड रबर मॅट टाका. पंखा अगदी समोर हवा, नाहीतर थंडीतही घामाने न्हाऊन निघाल आणि तो घाम हेडसेटच्या (हँडल फिरतं त्या सांध्याच्या) बोल्टवर पडून गंज धरतो. वीज गेली की चढ तिथेच संपला. बाकी चालू द्या.

आकडेमोड:
ट्रेनर म्हणजे खेळणं असं समजणाऱ्यांसाठी. व्यावसायिक सायकलपटू मॅथ्यू हेमनचा हात शर्यतीत मोडला, त्याने घरात झ्विफ्टवर सराव केला आणि २०१६ ची पॅरिस-रुबे ही फ्रान्समधली शर्यत जिंकली, तीही दगडी रस्त्यांवरची. जे व्हाइन झ्विफ्टच्या स्पर्धेतून निवडला जाऊन व्यावसायिक टीममध्ये गेला आणि २०२२ च्या व्हुएल्टात, म्हणजे स्पेनच्या अनेक टप्प्यांच्या शर्यतीत, त्याने दोन टप्पे जिंकले.

जुना ब्रेव्हेवाला:
अर्धीच गोष्ट सांगितलीत. त्याच व्हुएल्टात डोंगराच्या राजाची (चढांवर सर्वात जास्त गुण मिळवणाऱ्याची) जर्सी अंगावर असताना व्हाइन पडला आणि शर्यतीबाहेर गेला. आणि हेमन दीड दशक व्यावसायिक रस्त्यांवर मुरलेला गडी. त्याला पाय टिकवायचे होते, सायकल शिकायची नव्हती.

आकडेमोड:
पडतात तर सगळेच. रस्त्यावर वाढलेलेही त्याच शर्यतींत पडतात.

गोदाकाठचा:
पेठरोडची यांचा मुद्दा मान्य, बिनशर्त. शिफ्टवाल्यांचाही. माझा रोख ज्यांना सकाळ मोकळी आहे आणि तरी जे घरात बसतात त्यांच्यावर आहे. कारण विचारलं की 'तिकडे लेव्हल वाढते' म्हणतात. त्यातल्या काहींनी अ‍ॅपमध्ये वजन कमी टाकलंय हेही दिसतं. वॅट भागिले किलो असा हिशोब असला की चार किलो खोटे उतरवून चढ सोपा होतो. सावळ घाट वजन विचारत नाही, काटा स्वतःच लावतो.

धुळीबद्दल कुणी लिहिलं नाही, आश्चर्य आहे. सिंहस्थाच्या कामांनी शहरातले रस्ते उकरलेत आणि थंडीत सकाळी वारा नसल्याने धूळ खालीच तरंगत राहते. हे एक कारण ट्रेनरच्या बाजूने मी स्वतःच देतो. पण त्यावर उपाय गिरणारेकडे निघणं हाही आहे. शहर सुटलं की हवा बदलते. रविवारी साडेसातला, उजेड झाल्यावर, गिरणारे ते हरसूल. पेठरोडची, आमची बायको आणि तिच्या दोन मैत्रिणी आहेत, सोबतीची चिंता नको.

पेठरोडची:
येते. वेग माझा असेल, सांगून ठेवते.

अंबडची फर्स्ट शिफ्ट:
रविवार मलाही जमेल. मंगळवार-गुरुवार मात्र ट्रेनरच. मार्चमध्ये एकदा सावळ घाटात वेळ लावू, तुम्ही रस्त्यावरचे आणि मी भिंतीकडे तोंड करून बसलेला. वजनकाटा मीच घेऊन येतो.