पॉर्फिरीच्या फ्रेंच कलशावरचा मुलामा किती जुना?

प्रश्न: जांभळट पॉर्फिरी या कठीण दगडाच्या एका फ्रेंच कलशाचे कान आणि बैठक मुलामा दिलेल्या ब्राँझची आहे, हे काम अठराव्या शतकातले की नंतरचे, हे कसे ओळखावे?

उत्तर १: अठराव्या शतकात सोने पाऱ्यात कालवून ब्राँझवर चढवत आणि तापवून पारा उडवत (त्या वाफांनी कित्येक कारागिरांची प्रकृती कायमची बिघडे). विजेचा मुलामा १८४० च्या सुमाराचा. मात्र पाऱ्याची रीत नंतरही चालू राहिल्यामुळे केवळ तेवढ्यावरून काळ ठरवू नये.

उत्तर २: कोरीव काम भिंगाखाली पाहावे. अठराव्या शतकातले फ्रेंच ब्राँझ-कारागीर पिएर गुतिएर यांच्या कामात झळाळत्या भागांशेजारी मखमलीसारखा निस्तेज मुलामा दिसतो. ओमाँच्या ड्यूकच्या संग्रहाच्या १७८२ मधील लिलावात सोळाव्या लुईसाठीही असे दगडी कलश घेतले गेले.

प्रश्नकर्ता: कानामागे पानांच्या शिरा अर्धवटच कोरलेल्या आहेत, भिंग घेऊन पुन्हा जातो.