मुलाखत होऊन साडेसहा आठवडे झाले, उत्तर नाही. मेल टाकू का? (मदत हवी आहे, तातडीचं)

पिपेट
पीएचडीची मुलाखत 22 जानेवारीला झाली. बरी झाली असं मला वाटलं. आज 9 मार्च, पोर्टलवर अजून 'विचाराधीन'. दिवसातून वीसदा उघडून बघते. मेल टाकू का? उतावीळ दिसेन का? नेमकं काय लिहायचं तेही सांगा. 16 तारखेच्या आत ठरवायचंय. 'धीर धर' हे घरी रोज ऐकतेय, इथे नको.

उंटावरचा_शहाणा
कुठला देश? कुठला विषय? मुलाखत एकट्या प्राध्यापकाने घेतली की समितीने? आणि 16 तारखेला काय आहे?

नवखा_23
एसओपी (अर्जासोबतचं उद्देशपत्र) दोन पानांच्या वर नेऊ नका भाऊ. 'लहानपणापासून विज्ञानाची ओढ' वगैरे तर अजिबात नको. जीआरई ही प्रवेशपरीक्षा सप्टेंबर 2023 पासून लहान झालीय, 1 तास 58 मिनिटांत संपते. बऱ्याच विभागांना ती लागतही नाही.

खडूस_मावशी
अहो नवखा, तिची मुलाखतसुद्धा होऊन गेली. आणि 'बघते' लिहिलंय तिने, भाऊ कुठला?

पिपेट
अमेरिका, जीवशास्त्र, अजून काय असणार. पाच जणांनी घेतली, प्रत्येकी अर्धा तास.

गणिती
'अजून काय असणार' म्हणजे? आमच्याकडे गणितात बहुतेक ठिकाणी मुलाखतच होत नाही. अर्ज टाकायचा आणि थेट होकार किंवा नकार. मधली धाकधूक वाचते.

कोपऱ्यातली_खुर्ची
मी दरवर्षी इथे हेच लिहितो. जर्मनीला जा. तिथे बऱ्याचदा पीएचडी म्हणजे चक्क नोकरी असते. जाहिरात निघते, करार होतो, ई-13 या सरकारी वेतनश्रेणीच्या ठरावीक टक्क्याने पगार मिळतो. अर्जाचं शुल्क सहसा नाही, अमेरिकेसारखी डिसेंबरची ती एकच मुदतही नाही. वर्षभर जागा निघत असतात.

अर्धविराम
खुर्चीसाहेब, तिथे बहुतेक ठिकाणी आधी मास्टर्स लागतं हे तुम्ही दरवर्षी गाळता.
पिपेट, मास्टर्स झालंय का?

पिपेट
नाही, बीएस्सीनंतर दोन वर्षं प्रयोगशाळेत काम केलं. पण मला जर्मनीचं विचारायचंच नाहीये!! मेल टाकू की नको एवढंच सांगा.

उंटावरचा_शहाणा
16 तारखेचं अजून सांगितलं नाहीत. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवता?

पिपेट
बरं. दुसऱ्या एका ठिकाणाहून होकार आलाय, फेलोशिपसकट. 16 मार्चपर्यंत कळवा म्हणतात. ते वाईट नाही, पण ज्या प्रयोगशाळांसाठी मी अर्ज केला त्या मुलाखत झाली त्या ठिकाणी आहेत. एकूण नऊ अर्ज, पाच नकार, एक होकार, एक हे, दोन गप्प.

खडूस_मावशी
मग हे आधी सांगायचं ना बाई! हातचं सोडून पळत्याच्या मागे लागू नका. 2025 मध्ये काय झालं आठवतंय ना? फेब्रुवारीत एनआयएचने (आरोग्य संशोधनाला पैसा देणारी अमेरिकी सरकारी संस्था) अनुदानातल्या अप्रत्यक्ष खर्चावर (इमारत, प्रशासन वगैरे) 15 टक्क्यांची मर्यादा जाहीर केली. प्रकरण कोर्टात गेलं, पण तोवर काही विद्यापीठांनी जागा कमी केल्या, काहींनी तर दिलेले होकार परत घेतले. घेऊन टाका.

अर्धविराम
मावशी, घाईने 'हो' म्हणायची गरज नाही. 15 एप्रिलचा ठराव आहे. कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्सच्या त्या ठरावावर ज्या विद्यापीठांनी सही केलीय, त्यांनी आर्थिक मदतीसह दिलेल्या जागेवर विद्यार्थ्याने 15 एप्रिलच्या आधी उत्तर देणं बंधनकारक नसतं. यादी कौन्सिलच्या संकेतस्थळावर आहे, नाव तपासा. असेल तर मुदत वाढवून मागा, सरळ ठरावाचा उल्लेख करून.

आता तुमचा मूळ प्रश्न. जीवशास्त्रात पहिल्या वर्षाचा खर्च बऱ्याचदा एनआयएचच्या टी-32 प्रशिक्षण अनुदानातून भागवतात. ते फक्त अमेरिकी नागरिक आणि कायम रहिवाशांना चालतं. बाहेरच्यांसाठी विभागाला पैसा वेगळा काढावा लागतो, म्हणून त्या जागा मोजक्याच असतात. आमच्या वेळी मुलाखतीनंतरची शांतता म्हणजे अघोषित प्रतीक्षायादी होती. कुणी नाही म्हटलं की आपला नंबर. मी 11 एप्रिलपर्यंत अशीच लटकलेले होते, आणि मेल टाकायला उशीर केला याचंच वाईट वाटतं.

रात्रपाळी
सोपं आहे. आत्ता 'हो' म्हणून ठेवा, दुसरीकडून आलं की फिरवा.

अर्धविराम
आणि त्या होकार आलेल्या जागेच्या प्रतीक्षायादीत तुमच्यासारखंच कुणी पोर्टल उघडत बसलंय, त्याचं काय?

रात्रपाळी
विद्यापीठ होकार परत घेतं तेव्हा कोण आपला विचार करतं?

खडूस_मावशी
हा वाद वेगळ्या धाग्यात घाला. तिचा मेल राहिलाय.

उंटावरचा_शहाणा
मेल प्राध्यापकाला नको, विभागाच्या समन्वयकाला. चार ओळी पुरे: दुसरीकडून होकार आलाय, मुदत अमुक, तरीही तुमच्याकडे यायची इच्छा आहे, माझा अर्ज कुठवर आला ते कळेल का. दुसऱ्या विद्यापीठाचं नाव विचारल्याशिवाय लिहू नका. 'तुम्हीच माझी पहिली पसंती' हे खरं असेल तरच लिहा, तेही एकाच ठिकाणी. यात उद्धट काही नाही, त्यांना रोज असे मेल येतात.

पिपेट
दोन्हीकडे टाकले. हात थरथरत होता, हसू नका.

पिपेट (13 मार्च)
होकारवाल्यांचं नाव यादीत निघालं. ठरावाचा उल्लेख केल्यावर एका दिवसात 15 एप्रिलपर्यंत मुदत दिली. दुसरीकडून समन्वयिकेचं उत्तर: "तुम्ही पर्यायी यादीत आहात, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यानंतर कळवू." कितवा नंबर ते सांगत नाहीत.

अर्धविराम
त्यांनाही ठाऊक नसतो बहुधा. बऱ्याच ठिकाणी क्रमवार यादी नसते, ज्या विषयाची जागा सुटेल त्या विषयाचा माणूस घेतात. तोवर होकारवाल्यांकडे आय-20 साठी (व्हिसाला लागणारा विद्यापीठाचा दाखला) काय कागदपत्रं लागतात ते विचारून ठेवा. 15 तारखेला रात्री ठरलं तर पुढे व्हिसाची तारीख मिळेपर्यंत जीव जातो.

नवखा_23
माझा टोफेलचा (इंग्रजीच्या परीक्षेचा) निकाल दोन वर्षांचा होतोय. पुन्हा द्यावी लागेल का?

खडूस_मावशी
हो. दोनच वर्षं चालतो. आणि नवा धागा काढा.

कोपऱ्यातली_खुर्ची
जर्मनीत…

खडूस_मावशी
खुर्चीसाहेब!