क्रोशे: वॅफल विणीचे खण तिरके जातायत, मदत हवी आहे

निळीलोकर

भाचीला डिसेंबरात बाळ होणार आहे, त्यासाठी लोकरीचं छोटं पांघरूण करायला घेतलंय. साधे खांब (उंच टाके), मुके खांब (बुटके टाके), ग्रॅनी चौकोन (मधून बाहेर विणत जायचे चौकोन) हे हातात बसलेलं आहे. रुखवतातली तोरणं आणि ताटावरचे रुमालही पुष्कळ केलेत, पण ते सगळं सपाट काम. उठावाची वीण पहिल्यांदाच करतेय.

वॅफल विणीत खोलगट चौकोनी खण दिसतात, तीच हवी आहे. नमुन्यासाठी असं केलं:

३२ साखळ्या. चौथ्या साखळीपासून प्रत्येकीत एक खांब. सुरुवातीच्या ३ साखळ्या पहिला खांब धरून ३० झाले. इथवर ठीक.
दुसरी ओळ: ३ साखळ्या, मग एक फ्रंट पोस्ट खांब (घरात न घालता खालच्या खांबाभोवती समोरून घालायचा), दोन साधे, एक फ्रंट पोस्ट, दोन साधे, असं शेवटपर्यंत.

ओळ संपल्यावर मोजले तर कधी ३२ भरतात, कधी ३४. तिसऱ्या-चौथ्या ओळीत उभ्या रेघा एकमेकींवर येतच नाहीत, खण तिरके सरकत जातात. शिवाय कापड इतकं कडक होतंय की बाळाला पांघरूण नाही, पायपुसणं होईल. लोकर अ‍ॅक्रिलिक आहे, लेबलवर जाडीचा आकडा ४, सुई ४ मिमी. व्हिडिओतल्या बाईंचा हात असा भरभर चालतो की सुई नेमकी कुठे शिरली ते कळत नाही. कुणी लिहून सांगेल का?

सुईसुता

फ्रंट पोस्ट झाल्यावर पुढचा साधा खांब कुठे घालता?

निळीलोकर

त्याच्या लगेच शेजारी जे घर दिसतं त्यात. कधी कधी दोन घरं दिसतात, मग जे मोठं दिसेल ते घेते.

सुईसुता

मग दुखणं तिथेच आहे.

फ्रंट पोस्ट घालताना लोकरीचा वेढा घेऊन सुई खालच्या खांबाच्या उजवीकडून मागे जाते, त्याच्या पाठीमागून डावीकडे येते आणि पुन्हा पुढे निघते. म्हणजे अख्खा खांब सुईवर आडवा अडकतो. (डावखुऱ्या असाल तर दिशा उलट.) आता तो खांब वापरून झाला, पण त्याचं डोकं, म्हणजे नेहमी आपण जिथे सुई घालतो ते दोन धाग्यांचं घर, मोकळंच राहतं आणि नव्या खांबाच्या मागे लपतं. काम जरा पुढे वाकवून मागून बघा, लगेच दिसेल. ते घर सोडायचं. त्यात खांब घातलात की एक वाढला. तुमच्याकडून कुठे घातला जातोय, कुठे सुटतोय, म्हणून बेरीज दर वेळी वेगळी येते.

३० टाक्यांवर दुसरी ओळ अशी बसायला हवी: काठाचा १, मग फ्रंट पोस्ट, २ साधे, फ्रंट पोस्ट, २ साधे… शेवटचा फ्रंट पोस्ट २९ व्या खांबावर, आणि काठाचा साधा खांब सुरुवातीच्या ३ साखळ्यांच्या डोक्यावर. उभ्या रेघा १०, मधले खण ९. अकरावी रेघ दिसली तर पुढे न जाता उसवा.

निळीलोकर

हे कुठल्याच व्हिडिओत सांगत नाहीत हो! आता तिसरी ओळ. काम उलटलं की सगळं सारखंच दिसतं, काय कशावर घालू?

सुईसुता

सारखं दिसत नाही, उजेडात धरा. उलट्या बाजूने फ्रंट पोस्ट खांब आत दबलेले दिसतात आणि साधे दोन-दोन वर उठलेले असतात. तिसऱ्या ओळीत नेमकी अदलाबदल: दबलेल्यावर साधा खांब (त्याच्या डोक्यात, नेहमीसारखा), आणि उठलेल्या दोन्हींभोवती एकेक फ्रंट पोस्ट. काठाचे दोन्ही साधे. या ओळीतले फ्रंट पोस्ट सुलट बाजूने आत जातात, त्यातूनच खणाची आडवी कड तयार होते. चौथी ओळ दुसरीसारखी, पाचवी तिसरीसारखी. सुलट बाजूची रेघ नेहमी खालच्या रेघेवरच चढते, हे एकदा डोळ्यांना दिसलं की मोजत बसावं लागत नाही.

गच्चीवरची

मला तर पहिल्या उठावाच्या विणीला बॉबल बरी वाटते. एकाच घरात पाच अर्धवट खांब, सगळे एकदम बंद, संपलं. उलट्या बाजूने घातले की गोळा आपोआप सुलटीवर येतो. पोस्टची भानगडच नाही.

सुईसुता

बॉबल सोपी खरी, पण पांघरूणभर घाला मग कळेल, लोकर बघता बघता संपते. वॅफलही खातेच, साध्या खांबांपेक्षा बरीच जास्त. दोन-तीन गुंडे जास्तीचे आत्ताच घेऊन ठेवा, नंतर त्याच रंगाचा लॉट मिळाला नाही तर शेड वेगळी दिसते.

ओहायोकर

कडकपणाचं उत्तर सुईत आहे. ४ आकड्याच्या लोकरीला ४ मिमी फारच बारीक, त्यात पोस्टच्या विणी मुळातच दाट. साडेपाच घ्या, हात घट्ट असेल तर सहा. खण थोडे मोठे होतील, पण कापड मऊ पडेल. नमुना पुन्हा त्याच सुईवर करून मोजा, कारण ही वीण रुंदीला आवळते. साध्या खांबांच्या मापाने साखळ्या धरल्या तर पांघरूण अरुंद निघेल. साखळ्या तीनच्या पटीत आणि वर २, एवढं सांभाळा.

आणि इस्त्री लावू नका. अ‍ॅक्रिलिकवर गरम वाफ बसली की उठाव कायमचा चपटा होतो, धुऊनही परत येत नाही. पाणी फवारून, हाताने सारखं करून वाळवायचं.

निळीलोकर

६ मिमीने केला. ३० चे ३० राहिले, बारा ओळी झाल्या तरी रेघा सरळ! मऊसुद्धा आहे. पण दोन्ही काठांना साखळ्यांची भोकं दिसतात आणि काठ थोडा फुगतो. हे असंच राहणार का?

सुईसुता

पोस्टचे खांब उंचीला बसके असतात, त्यांच्या शेजारी ३ साखळ्या लांब पडतात. दोनच घाला, खांब म्हणून मोजा तशाच. त्यांचं डोकं सापडायला अवघड जातं, तर तिथे सेफ्टी पिन लावून ठेवा. नंतर चारही बाजूंनी मुक्या खांबांची एक फेरी, कोपऱ्यात एकाच जागी तीन. उरलेली भोकं त्यात झाकली जातात. फेरीला मात्र एक नंबर बारीक सुई घ्या, नाहीतर कडेला झालर येईल.