रांगडा बॉक्सर तंत्रवाल्याला का भारी पडतो?

पांदणरस्ता
आमच्या जिल्ह्याच्या शालेय स्पर्धेत यंदा पुन्हा तेच झालं. शहरातल्या अकादमीत तयार झालेला, देखणा जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) टाकणारा पोरगा पहिल्या फेरीत स्पष्ट पुढे होता. समोरचा खेड्यातला. हात खाली, पाय सपाट, निम्मे ठोसे हवेत. तिसऱ्या फेरीत अकादमीवाल्याचे हात वर उचलेनात आणि रेफ्रीने लढत थांबवली. प्रेक्षकांत सगळे म्हणाले, नशीब. मला हे अजिबात मान्य नाही.

तंत्राला जागा लागते. जॅब टाकायचा, बाजूला सरकायचं, समोरच्याचा ठोसा चुकवून उलट मारायचं, या सगळ्याला हातभर अंतर आणि श्वास घ्यायला उसंत हवी. रांगडा गडी दोन्ही देत नाही. तो छातीला छाती भिडवतो आणि तंत्रवाल्याला न येणारी लढत लढायला लावतो.

अमेरिकेचा हेवीवेट, म्हणजे सर्वांत वजनदार गटातला बॉक्सर रॉकी मार्सियानो घ्या. व्यावसायिक ४९ लढती, ४९ विजय, त्यातले ४३ नॉकआउट. हातांचा पल्ला ६८ इंच, म्हणजे हेवीवेटमध्ये फारच तोकडा. २३ सप्टेंबर १९५२ ला फिलाडेल्फियात तेव्हाचा विश्वविजेता जर्सी जो वॉलकॉटने त्याला पहिल्याच फेरीत खाली पाडलं. बारा फेऱ्या झाल्या तेव्हा तिन्ही परीक्षकांच्या कागदावर वॉलकॉट पुढे होता. तेराव्या फेरीत मार्सियानोचा एक उजवा ठोसा लागला आणि वॉलकॉटचं विश्वविजेतेपद गेलं.

त्याहून बोलकी लढत १९५३ ची, रोलंड लास्टार्झाविरुद्धची. लास्टार्झा शैलीदार बॉक्सर, गार्ड (बचावासाठी तोंडासमोर धरलेले हात) पक्का. मार्सियानोने त्या गार्डवरच, दंडांवर आणि कोपरांवर ठोसे घातले. हात सुजले, जड झाले, गार्ड आपोआप खाली आला, अकराव्या फेरीत लढत थांबली. याला मी अडाणीपणा म्हणणार नाही. हा पूर्ण विचार करून केलेला हल्ला आहे.

पूर्णाकाठ
जिंकलेले रांगडे तेवढे आपल्या लक्षात राहतात. हरलेल्यांची नावं कोण सांगतो? रांगड्या जेक लामोटाने ५ फेब्रुवारी १९४३ ला डेट्रॉइटमध्ये शैलीदार शुगर रे रॉबिन्सनला त्याचा व्यावसायिक कारकिर्दीतला पहिला पराभव दाखवला, ही गोष्ट सगळ्यांना पाठ. पण ते दोघे सहा वेळा लढले आणि उरलेल्या पाचही लढती रॉबिन्सनने जिंकल्या. शेवटची १९५१ ची. लामोटा खाली पडला नाही, पण तेराव्या फेरीत रेफ्रीला मध्ये पडावं लागलं इतका मार त्याने खाल्ला. तो चिवटपणा त्याच्या कोणत्या कामाला आला?

आणि मार्सियानोला रांगडा म्हणणं हा त्याचे कोच चार्ली गोल्डमन यांच्यावर अन्याय आहे. हात तोकडे आहेत म्हणून त्यांनी त्याला वाकून लढायला शिकवलं. डोकं खाली, म्हणजे समोरच्याला नेम धरणं अवघड, आणि खालून वर उसळून मारायला पायांचा जोर. हे तंत्र नाही तर काय? दिसायला ओबडधोबड आहे, इतकंच.

वऱ्हाडी_गडी
पांदणभाऊ बरोबर सांगून राहिले. शहरातल्या पोराले जोराचा ठोसा लागला का तो आधी आपल्या सरकडं पायते. आमचा गडी पायतच नाई, तो अजून पुढं जाते. त्याले लागत नाई असं नाई, त्याची त्याले सवय हाय. सकाळी कास्तकारीचं काम, मंग पायी शाळा, मंग सराव. दम त्याच्या अंगातच हाय. अकादमीतल्या पोराले तो दम वेगळा कमवा लागते, अन् लय जन कमवत नाईत.

सातपुडा_पायथा
दम मान्य, पण आपली पोरं कोणत्या नियमांत लढतात ते बघा. मार्सियानो पंधरा फेऱ्यांच्या लढती लढला. हौशी बॉक्सिंगमध्ये फेऱ्या तीनच. दंडावर मारलेल्या ठोशाला गुण नाही, नीट बसलेला स्वच्छ ठोसाच मोजतात. लास्टार्झाचे हात थकवायला मार्सियानोला दहा फेऱ्या मिळाल्या होत्या. आपल्या पोराने दंडच बडवले तर हात थकायच्या आत घंटा वाजेल आणि तो गुणांवर हरेल. नागपूरच्या अल्फिया पठाणने २०२१ मध्ये पोलंडमध्ये युवा जागतिक सुवर्ण जिंकलं ते याच नियमांत. तालुक्याच्या सामन्यात रांगडेपणा खपतो, कारण तिथे समोरचाही अर्धाच शिकलेला असतो. राज्य पातळीवर खपत नाही.

पांदणरस्ता
@सातपुडा_पायथा, फेऱ्यांचा मुद्दा बिनतोड आहे. पण तीन फेऱ्यांतही दबाव चालतो, फक्त पहिल्या घंटेपासून टाकावा लागतो. @पूर्णाकाठ, मार्कोस मैदाना या अर्जेंटिनाच्या रांगड्या बॉक्सरचं काय? १४ डिसेंबर २०१३ ला सॅन अँटोनिओत अपराजित एड्रियन ब्रोनरला त्याने दोनदा खाली पाडलं आणि गुणांवर, तिन्ही परीक्षकांच्या मताने हरवलं. वेगात आणि सफाईत ब्रोनर वरचढ होता. मैदानाने त्याला लढत नीट सुरू करूच दिली नाही.

पूर्णाकाठ
त्या मैदानाला त्याचे कोच रॉबर्ट गार्सियांनी आधी जॅब शिकवला होता. म्हणजे माझंच म्हणणं पुढे जातं. आणि २०१४ मध्ये हाच मैदाना तंत्रात पक्का असलेल्या फ्लॉइड मेवेदरकडून दोनदा हरला. पहिल्या लढतीत त्याने मेवेदरला खूप दाबलं, मी नाकारत नाही. दुसऱ्या लढतीत मेवेदरने रिंगच्या दोराशी अडकायचंच टाळलं आणि सगळा दबाव वाया गेला.

धुऱ्यावरची_बाभूळ
माझा मुलगा बॉक्सिंग करतो, म्हणून लिहिते. "मार सोसायला शिक" हे वाक्य मी सरावाच्या जागी रोज ऐकते आणि माझ्या पोटात गोळा येतो. जेरी क्वारी हा अमेरिकी हेवीवेट असाच न डगमगणारा. जो फ्रेझर आणि मुहम्मद अली, दोघांशी दोन-दोनदा लढला. १९९९ मध्ये गेला तेव्हा ५३ वर्षांचा होता. त्याच्या आधी कित्येक वर्षं डोक्यावरच्या माराने त्याची बुद्धी गेली होती, साध्या गोष्टींसाठीही दुसऱ्याची मदत लागायची. डोक्यावरचा ठोसा सोसायची सवय होत नाही. मेंदूला सवय नसते. खेड्यातलं पोर कणखर आहे म्हणून त्याला चार ठोसे जास्त खाऊ द्यायचे, हा हिशेब मला मंजूर नाही.

वऱ्हाडी_गडी
ताई, डोक्यावर मार खाऊ द्या असं म्या म्हटलं नाई. हनुवटी छातीशी, मान भक्कम, ठोसा येताना डोळे उघडे, हे पोराले पयल्या दिवसापासून शिकवा. न दिसलेला ठोसाच आडवा करते. पण मागं पळा असं शिकवू नका. ज्याचा जोर पुढं जाण्यात हाय त्याले मागं पळवलं तर तो दोन्हीकडून जाते.

धुऱ्यावरची_बाभूळ
मग हे सराव घेणाऱ्यांना सांगा. आमच्याकडे हेडगार्ड दोन आहेत आणि पोरं वीसच्या वर. वजन न बघता जोड्या लावतात. पुढे जा म्हणायच्या आधी तेवढं बदला.